सत्तेचाळीस नंबरची आरामखुर्ची

४ ऑक्टोबर १९९३, सोमवार

वालेरिया! म्हणे वालेरियाच्या मापाची!

वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा उघडली. अक्षरं तीच. डिसेंबरात म्युझियममध्ये आलोइस द्राहोश यांच्या फर्निचरचं मोठं प्रदर्शन भरणार, आणि “घराघरात पोचलेली त्यांची सत्तेचाळीस नंबरची आरामखुर्ची त्यांनी पत्नी वालेरिया हिच्या देहाच्या मापावर घडवली”. सोबत फोटो. वालेरियाबाई खुर्चीत रेलल्या आहेत, बोटांत सिगारेट, पाय लांब सोडलेले.

बसली असेल की. नवऱ्याने आखलेली खुर्ची, बसणारच. पण मापाला बसले ती मी. अपोलेना कुबीच्कोवा, वय वर्षं वीस, ऑफिसात टायपिस्ट. साल १९३५, मार्च महिना.

या भानगडीत सूप उतू गेलं. शेगडी घासत बसले.

५ ऑक्टोबर

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातली भुणभुण थांबेल.

साहेबांनी (आम्ही सगळे द्राहोशना साहेबच म्हणायचो) नमुन्यांच्या शेडमध्ये एक लाकडी सांगाडा करून घेतला होता. फळ्या, भोकं, खुंट्या. खुंटी काढली की बैठक वरखाली व्हायची, पाठ पुढेमागे. सुतार त्याला घोडी म्हणायचे. बूट काढून त्यावर बसायचं, आणि साहेब खुंट्या हलवत राहायचे, बसलेला माणूस आपण होऊन सुस्कारा सोडेपर्यंत. त्यांचं म्हणणं, तोंडाने माणूस खोटं बोलतो. विचारलं की “छान आहे, छान आहे” म्हणतो. सुस्कारा खोटा निघत नाही.

कारखान्यातल्या सगळ्यांना एकेकदा बसवलं. मला आठवडाभर, रोज दुपारी! दार सताड उघडं, फोरमन हानाक शेजारी उभा, म्हणजे कोणी काही बोलायला नको. आठवडा लागला, कारण मी सुस्काराच सोडीना. पाठच टेकीना. मठाच्या शाळेत वाढलेली मुलगी मी. सिस्टर इम्माकुलाता वर्गातून फिरायची आणि आमची पाठ आणि बाकाची पाठ यांच्यामधून लाकडी पट्टी सरकवून बघायची. पट्टी अडली की संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर. “खुर्चीला पाठ असते ती कोट अडकवायला, मुलींसाठी नाही.” हे माझ्या मणक्यात गेलं ते गेलंच.

“मागे टेका, कुमारी अपोलेना,” साहेब म्हणायचे. रोज. न चिडता. हानाक जांभया द्यायचा.

शनिवारी टेकले. एकदाच. कसं झालं ते मलाही कळलं नाही. साहेबांनी ऐकलं, खुंट्या ठोकून पक्क्या केल्या आणि हानाकला म्हणाले, “याला आता कोणी हात लावायचा नाही.” घोडी कितीतरी दिवस तशीच कोपऱ्यात उभी होती, माझ्या मापावर. येताजाता मी तिच्याकडे बघायची. कोणी बघत नसेल तेव्हा.

त्याच वर्षी सत्तेचाळीस नंबर निघाली.

दुसरी गोष्ट अशी की मला आयुष्यात अभिमानाच्या जागा फार नाहीत. लग्न नाही, मूल नाही, पदवी नाही. एवढी एकच होती. डॉक्टरच्या बाहेर ताटकळताना, पोस्टात, रेल्वेच्या प्रतीक्षालयात, कुठेही सत्तेचाळीस नंबर दिसली की मनात म्हणायची, बसा बाबांनो, बसा. ही मी आहे.

ती आता वालेरिया झाली!

७ ऑक्टोबर

म्युझियमला फोन केला. एका पोरीने उचलला. म्हणाली, तुमच्याकडे द्राहोशांची काही वस्तू आहे का? म्हटलं, वस्तू आहे, पण फोन तक्रारीसाठी केलाय. मग जरा सावरून बोलली. येत्या गुरुवारी येते म्हणाली.

१० ऑक्टोबर, रविवार

चर्चमधून येताना जिन्यात मिकुल्का भेटला. खालच्या मजल्यावरचा, ट्राम चालवायचा, आता बायको गेल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याला जिन्यात अडवतो. हातात मशरूमची टोपली. वर्तमानपत्र त्यानेही वाचलेलं. न विचारता त्याला खरं काय ते सांगून टाकलं. तोंड बंद ठेवायला हवं होतं.

“म्हणजे शेजारीणबाई, इतकी वर्षं दातवाल्याकडे मी तुमच्या मांडीवर बसतोय?”

म्हटलं, मिकुल्का, शरम बाळगा, आज रविवार आहे.

“रविवारी दातवाला बंदच असतो,” म्हणाला.

दार त्याच्या तोंडावर लावलं. आत येऊन हसले. त्याला हे कळता कामा नये. दारात मशरूम ठेवून गेला, निवडलेली, पानात गुंडाळून. सूप केलं. एकटीला फार झालं, पण वाटी घेऊन खाली जायची सवय लावायची नाही.

१४ ऑक्टोबर

पोरगी येऊन गेली. शार्का नाव. तिशीची असेल, लाल बूट. बूट दारातच काढले, पाहुण्यांच्या सपाता मुकाट्याने पायात घातल्या. संस्कार आहेत. खसखशीचा केक दोनदा घेतला.

आल्या आल्या माझ्या खुर्चीसमोर उकिडवी बसली. माझी सत्तेचाळीस नंबर, दुकानातून माझ्या पगारातून घेतलेली, राखाडी कापडाची. तिने हातांवरून बोट फिरवलं, वाफेवर वाकवलेलं लाकूड, हात आणि पाय एकाच पट्टीतून निघालेले. मग पाठीवर हात ठेवला आणि थबकली.

“पाठीचं कापड बदललंत?”

नाही म्हटलं.

“हे तर दुकानातल्यासारखं कोरं आहे. आणि बैठकीची कड बघा, दोरे निघालेत. फक्त कड!” मग माझ्याकडे बघितलं. मी बसलेच होते. “तुम्ही नेहमी अशाच बसता? टोकावर?”

“मला असंच शिकवलंय.”

“जरा टेकून बघाल? मला पाय बघायचेत तुमचे.”

“पाहुण्यांसमोर मी रेलत नाही.”

मग मी मार्च महिन्याची सगळी हकिकत सांगितली. घोडी, खुंट्या, हानाक. ऐकून घेतलं, मध्ये बोलली नाही, हेही संस्कार. पण शेवटी म्हणाली की साहेबांची मुलगी व्हिएन्नाला असते, तिने सांगितलंय की घरीही एक तसाच सांगाडा होता आणि दर रविवारी आई त्यावर बसायची. जेवण थंड व्हायचं, वालेरियाबाई ओरडायच्या. “त्यांच्याकडे फोटो आहे. तुमच्याकडे काही आहे का?”

“माझ्याकडे गुडघे आहेत,” मी म्हटलं.

हसली नाही.  मग म्हणाली, साहेबांबद्दल सांगा ना, ते कसे होते. प्रदर्शनाच्या पुस्तकासाठी लिहायचंय.

सांगितलं. पुस्तकात घालण्यासारखं तेवढं.

१५ ऑक्टोबर

काल सांगितलं ते असं. डोंगराळ मुलखातल्या सुताराचा मुलगा. बापाची कामं म्हणजे शवपेट्या आणि पाळणे. म्हणायचे, आमच्या घरात माणूस दोनदाच आडवा मापला जायचा, मधल्या आयुष्याचं माप कोणी घेतच नव्हतं. प्रागला शिकले, मग इथे ब्रनोला कारखान्यात आले आणि पहिल्या वर्षी कोरीवकामाची सगळी पानं-फुलं-सिंहाची तोंडं बंद केली. कारागीर रडले. साहेब म्हणाले, सिंहावरची धूळ कोण पुसतं? तुमचीच बायको पुसते ना? एका खोलीत राहणाऱ्या माणसाला परवडेल, एकट्याला उचलून जिन्यावरून नेता येईल, ते फर्निचर. कपाटाचे कप्पे एकावर एक रचायचे, पगार वाढला की अजून एक कप्पा घ्यायचा. हे त्यांचं.

युद्धात कारखान्याने खोकी आणि बराकींचे बाक केले. साहेब त्या वर्षांत बोलायचेच नाहीत. मग शांतता आली, मग अठ्ठेचाळीस साल आलं, कम्युनिस्ट आले, कारखाना सरकारजमा झाला आणि नवा मॅनेजर आला. सभेत म्हणाला, “कॉम्रेड द्राहोश कामगाराला रेलायला शिकवतात. आपल्याला ताठ बसणारी माणसं हवीत.”

सिस्टर इम्माकुलाता आणि तो मॅनेजर, यांचं जगात एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत!

साहेबांना पोलंडच्या सीमेजवळच्या एका कारखान्यात पाठवलं. तिथे शाळेची बाकं आखली, बावीस वर्षं, मरेपर्यंत. बाकं. ज्या माणसाने देशाला टेकायला शिकवलं, त्याने. शार्काचे डोळे भरून आले. मी केक पुढे केला.

काल सांगितलं नाही ते आता लिहिते.

दरवर्षी ख्रिसमसच्या आधी कारखान्यात बाद माल वाटायचे. जे बिघडलं असेल त्याच्या बैठकीखाली निळ्या रंगाची फुली मारलेली असायची, काही केल्या न जाणारी, म्हणजे कोणी बाहेर विकू नये. त्या एका दिवशी गेटवरचा पहारेकरी कोणाला अडवायचा नाही. खुर्ची घ्या, स्टूल घ्या, नमस्कार करा, जा. ब्रनोतल्या कामगारांच्या घरात एक तरी लंगडी वस्तू होतीच, आणि जेवताना तिच्यावर कोणी बसायचं यावरून भांडणंही.

एकोणपन्नास साली, जायच्या आधी, त्या दिवशी साहेब स्वतः एक खुर्ची उचलून ऑफिसात आले. सगळ्यांसमोर माझ्या टेबलाशी ठेवली. सत्तेचाळीस नंबरच, पण आखडलेली. पाय तोकडे, बैठक अरुंद, जणू पावसात धुऊन आटली आहे. “ही तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती, कुमारी अपोलेना.” हानाक दारातून म्हणाला, “साहेबांनी शाळेच्या बाकांचा सराव सुरू केला वाटतं!” सगळे फिदीफिदी हसले. साहेबही जरासे हसले.

चौदा वर्षं! त्यांचं प्रत्येक पत्र, प्रत्येक टाचण मी टाइप केलं. आणि माझ्या वाट्याला बाद माल! तोही तोकडा. इतरांनी निदान धड वाकड्या खुर्च्या नेल्या.

“आभारी आहे, साहेब,” म्हटलं, बर्फासारख्या आवाजात.

“मागे टेकून बसा,” ते म्हणाले. आणि गेले. पुन्हा भेटले नाहीत.

ट्राममध्ये कंडक्टरने विचारलं, बाळासाठी का? घरी आणून तडक तळघरात टाकली. तेव्हापासून तिच्यावर आंबट कोबीचा डबा आहे. एकदाही बसले नाही. पुढच्या वर्षी दुकानात जाऊन खरी सत्तेचाळीस नंबर विकत घेतली, सगळ्यांना दाखवून.

हे म्युझियमला कशाला सांगायचं.

२३ ऑक्टोबर

त्या पोरीचं “टेकून बघा” डोक्यातून जात नाही. आज दार लावलं, पडदा ओढला. चौथ्या मजल्यावर बघणार कोण, कबुतरं? तरी ओढला. सपाता काढल्या. सरकत सरकत मागे गेले आणि पाठ टेकली.

पाय अधांतरी! लहान पोरीसारखे. बैठकीची कड गुडघ्यांच्या मागे रुतायला लागली.

उठले. पडदा उघडला.

अर्थात मी आखडले आहे. म्हातारपणी सगळेच आखडतात. शिवाय ही पुढच्या काळातली खुर्ची, तोवर कारखान्याने काय काय बदललं असेल कोण जाणे. म्युझियमकडे पहिली खुर्ची आहे, साहेबांनी स्वतः तपासलेली. खरं ती सांगेल.

शार्काला फोन केला. सोमवारी म्युझियम बंद असतं, पंधरा नोव्हेंबरला या म्हणाली. “कोणाला सांगू नका, तिथे बसायची परवानगी मलाही नाही.”

३ नोव्हेंबर

काल सर्वपितरांचा दिवस. आईवडिलांच्या, सिस्टरच्या थडग्यांवर कालच मेणबत्त्या लावल्या. साहेबांकडे मी नेहमी दुसऱ्या दिवशी जाते, व्हिएन्नाचे लोक येऊन गेल्यावर. त्यांच्या मेणबत्त्या अर्ध्या जळालेल्या असतात, मोठाल्या शेवंत्या असतात. मी माझी मेणबत्ती कडेला ठेवते. वालेरियाबाई तिथेच आहेत, साहेबांच्या डाव्या हाताला. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांच्याशी माझं कधी भांडण नव्हतं. ऑफिसात यायच्या तेव्हा मला चॉकलेट द्यायच्या, पोराला देतात तसं.

आज त्यांना म्हटलं, पंधरा तारखेला बघू.

९ नोव्हेंबर

रक्तदाब दाखवायला गेले. जास्त निघाला, मग काय कमी निघणार? बोलता बोलता डॉक्टरीणबाईंना विचारलं, म्हातारपणी माणूस किती आखडतं? म्हणाल्या, पुष्कळ. बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, “पण ते कण्यातून. नडगी आखडत नाही. बसल्यावर जमिनीपासून गुडघ्यापर्यंत तुम्ही विसाव्या वर्षी होतात तेवढ्याच आहात.”

गोळ्या बदलून दिल्या.

तरीही पहिली खुर्ची बाकी आहे.

१५ नोव्हेंबर, सोमवार

राखाडी सूट घातला, आईचा ब्रोच लावला. नव्या मोज्यांचं पाकीट फोडलं.

म्युझियमचं कोठार तळघरात आहे. साहेबांची अख्खी हयात तिथे चादरी पांघरून उभी होती. कप्प्यांची कपाटं, नळीचे दिवे, घडीचं टेबल. शार्काने एक चादर ओढली. पहिली सत्तेचाळीस नंबर. पितळी चकतीवर साहेबांची सही.

बूट काढले, घोडीवर बसताना काढायचे तसे. बसले. आणि टेकले, परक्या पोरीसमोर टेकले. सिस्टर, क्षमा करा.

पाय लोंबत राहिले.

खाली बघितलंच नाही. बघायची गरज नव्हती, टाचांना जमीन लागत नाही हे टाचांनाच कळतं.  शार्काने तोंड फिरवलं, मग वाकून माझ्या पायांत बूट चढवले, नाड्या बांधल्या. हे तिने करायला नको होतं. त्यापेक्षा हसली असती तर चाललं असतं.

वर येताना म्हणाली, “कुमारी कुबीच्कोवा, पाठीचा बाक तुमच्यावरून घेतला असेल. तसं लिहू का आम्ही? ‘पत्नी आणि ऑफिसातील एक सहकारी’?”

म्हटलं, नको. दया मला ताटात वाढून नको.

तिला म्हटलं, फोटो वालेरियाचा आहे ना, मग खुर्चीही वालेरियाची. पायही तिचेच लांब होते.

१६ नोव्हेंबर

दिवसभर पडून. मिकुल्काने दार वाजवलं, उघडलं नाही.

१८ नोव्हेंबर

मग आठवडाभर मला बसवलं तरी कशाला?

२१ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये लक्ष लागलं नाही. समोरच्या बाकावर एक कुटुंब बसलं होतं, पाचही जण टेकून. आजी, आई, पोरं. लोक किती सहज टेकतात! मला वाटायचं, हे सगळे आपल्यावर टेकलेत. अठ्ठावन्न वर्षं असं समजत आले. माझ्यावर कोणीच टेकलेलं नसताना.

दातवाल्याकडे जाईन तेव्हा आता उभी राहीन.

२५ नोव्हेंबर

शार्काचा फोन. चाचरत विचारलं, प्रदर्शनासाठी तुमची खुर्ची उसनी मिळेल का? मूळ कापडाची इतकी कोरी पाठ देशात कुठे सापडत नाही म्हणे.

म्हटलं, उसनी कशाला, घेऊनच जा. कायमची. मला नको.

“नक्की?”

“मी बोललेलं फिरवत नाही.”

दोन माणसं आली, ब्लँकेटात गुंडाळून घेऊन गेली. खरंच हलकी, जिन्यावरून त्यांतल्या एकट्यानेच नेली. साहेबांना बरं वाटलं असतं.

जमिनीवर चार फिकट ठिपके राहिलेत. त्यांवरून चालायचं टाळते.

५ डिसेंबर

आज सेंट निकोलसची संध्याकाळ. जिन्यात दारोदार फिरणारी देवदूत-सैतानांची सोंगं, साखळ्या, पोरांचं रडणं. माझ्या दारी कोणी येत नाही, तरी वाटीत अक्रोड काढून ठेवले. नऊ वाजता परत डब्यात घातले.

बसते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. पाठ नसलेलं स्टूल. उत्तम! टेकायचा प्रश्नच मिटला. रेडिओ ऐकायला पलंगाच्या कडेवर.

वाचन होत नाही. स्टुलावर अर्ध्या तासात कंबर धरते.

९ डिसेंबर

आज उद्घाटन होतं. सोनेरी कडेचं निमंत्रण होतं. गेले नाही. मिकुल्काला दिलं.

१० डिसेंबर

मिकुल्का सकाळीच वृत्तांत द्यायला हजर. भाषणं लांबली, वाइन आंबट, व्हिएन्नाची मुलगी देखणी. “तुमची खुर्ची बघितली, शेजारीणबाई. चबुतऱ्यावर चढवलीय आणि भोवती दोरी. बसायला गेलो तर रखवालदार अंगावर आला. म्हटलं, अरे, हिच्यावर मी तिच्या घरी बसलोय.”

“कधी बसलात? मी तुम्हाला दारातच उभं करते.”

“तेच. एवढी खोटी बढाई तरी मारू द्या.”

मग आत डोकावला. चार ठिपके दिसले त्याला.  मग विचारलं, “बसता कशावर?”

स्टूल दाखवलं.

म्हणाला, तळघरात तुमच्या कप्प्यात एक खुर्ची आहे, कोबीच्या डब्याखाली. ती वर आणतो. म्हटलं, ती बाद माल आहे. म्हणाला, मीही बाद मालच आहे, मला तर कोणी वरही आणत नाही.

हसू आलं. या वेळी त्याने बघितलं. आता महिनाभर उतमात करेल.

म्हटलं, आणा. ख्रिसमसपर्यंत चालेल.

१२ डिसेंबर, रविवार

आणली. एका हाताने, चार मजले, धापा टाकत, वर येईस्तोवर “काहीच वजन नाही, काहीच वजन नाही” म्हणत. त्याला आत बोलावलं, काय करणार, घाम पुसत उभा होता. कॉफी आणि व्हॅनिलाच्या कुकीज दिल्या. स्टूल त्याला दिलं. मी पलंगाच्या कडेवर.

“बसून तरी बघा.”

“अजून पुसायची आहे.”

बशी चाटूनपुसून गेला. कोबीचा वास अजून खोलीत आहे. खुर्ची खिडकीशी उभी. तोकडी, जुनाट, लाकडाला मात्र किडीचं भोकही नाही. बघितली की हानाकचं हसणं ऐकू येतं.

१३ डिसेंबर, सोमवार

सकाळी ऊन पाण्याने पुसायला घेतली. उलटी केली.

खाली बाद मालाची फुली नाही. कापड ओढून बघितलं, कडा बघितल्या. निळा ठिपकासुद्धा नाही.

सुलटी केली. सपाता काढल्या. बसले. मागे सरकले, पाठ टेकली. टाचा जमिनीला लागल्या. दोन्ही.

सुस्कारा मी सोडला नाही. सुटला.

पेत्रोव्हच्या कॅथेड्रलवर, ब्रनोच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, अकरा वाजताच बाराचे टोल पडले. उठले नाही.